रूट कॅनॉल झाले, पण दाढ टिकेल का?

दाढदुखी काय असते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रात्री दोन वाजता उठून लवंग चावणारा, गालाला फडके गुंडाळून सकाळी पुन्हा कामावर जाणारा माणूस प्रत्येक वस्तीत सापडतो. पूर्वी या दुखण्यावर एकच इलाज होता, दाढ उपटणे. आता बल्लारपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली अशा गावांतून दातांचे दवाखाने झाले आहेत. 'रूट कॅनॉल' हा शब्द कोळसा खाणीतल्या कामगारापासून तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईपर्यंत पुष्कळांच्या तोंडी आला आहे. दाढ वाचते, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण वाचक बंधू-भगिनींनो, याच्या पुढची गोष्ट तेवढी चांगली नाही. तीन-चार फेऱ्या मारून, तेवढ्या दिवसांची रोजी बुडवून, उसनेपासने करून वाचवलेली दाढ वर्ष-दोन वर्षांत मधोमध चिरते. मग ती उपटावीच लागते. पैसा गेला, दाढही गेली. शेजारीपाजारी म्हणतात, "रूट कॅनॉल काही कामाचं नाही, पहिलेच उपटून टाकायची होती." खरे पाहता बहुतेक वेळा मुळातले काम बिघडलेले नसते. त्या दाढेच्या पोकळीत नंतर काय भरले, आणि त्यावर टोपी म्हणजे कॅप बसवली की नाही, तिथे घोटाळा झालेला असतो. याविषयी दवाखान्यात घाईघाईने दोन वाक्ये सांगितली जातात आणि दुखणे थांबल्याच्या आनंदात ती आपल्या कानावरून जातात. म्हणून हा लेख.

दाढेच्या आत मऊ गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नस असते. कीड आत पोचली की हा गाभा सुजतो, सडतो, आणि जीव नकोसा करणारा ठणका लागतो. रूट कॅनॉलमध्ये डॉक्टर दाढेला वरून भोक पाडतात, गाभा काढून टाकतात, मुळांच्या बारीक नळ्या सुयांसारख्या हत्यारांनी घासून औषधाने धुतात आणि गुलाबी रंगाच्या गट्टापर्चाने बंद करतात. हा गट्टापर्चा म्हणजे मलाया भागातल्या एका झाडाचा चीक. १८४० च्या दशकात तो सिंगापूरमार्गे युरोपात पोचला आणि पुढे दंतवैद्यकात आला. तो नळी बंद करतो, एवढेच त्याचे काम. तो दाढेला बळ देत नाही. ते वरच्या भरणातून यावे लागते.

गाभा काढला की दाढ 'मरते', तिच्यातला ओलावा जातो आणि ती वाळल्या लाकडासारखी ठिसूळ होते, असे पुष्कळजण सांगतात. काही काळ डॉक्टरांचाही तसाच समज होता. १९९२ मध्ये सेजली आणि मेसर या संशोधकांनी एकाच माणसाच्या तोंडातल्या जोडीच्या दातांची तुलना केली. एक रूट कॅनॉल झालेला, दुसरा जिवंत. दोघांच्या कणखरपणात फारसा फरक निघाला नाही. म्हणजे दाढ वाळल्यामुळे फुटत नाही. ती पोखरली गेल्यामुळे फुटते.

किती पोखरली, यावर सारे अवलंबून आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत रीह, मेसर आणि डग्लस यांनी वरच्या जबड्यातल्या उपदाढांवर केलेले मोजमाप आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. रूट कॅनॉलसाठी वरून भोक पाडले, तर दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी घटला. चावण्याच्या पृष्ठभागावर खाच कोरली, तर सुमारे २० टक्क्यांनी. आणि खाच पुढच्या बाजूपासून मागच्या बाजूपर्यंत आरपार गेली, म्हणजे दाताच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कडा गेल्या, तेव्हा घट ६३ टक्क्यांवर गेली. या दोन कडा म्हणजे घराच्या आड्यासारख्या असतात. आडे काढले की भिंती उभ्या दिसतात, पण बाहेर झुकतात. आपल्या लोकांच्या दाढा कोणत्या अवस्थेत दवाखान्यात पोचतात ते आठवा. दोन दाढांच्या फटीतून कीड आत शिरलेली असते, एक कड आधीच ढासळलेली असते. डॉक्टरांच्या हाती पुष्कळदा भिंतीच उरतात.

आता त्या पोकळीत भरायचे काय? याची चार घरे आहेत.

पहिले, तात्पुरते सिमेंट. जस्ताचे भस्म आणि लवंगेच्या तेलातले युजेनॉल यांचा पांढरा मसाला, किंवा तयार मिळणारी तशीच लुकदी. दोन भेटींच्या मधल्या काळात घाण आत जाऊ नये, एवढ्यापुरता तो असतो. काही आठवड्यांत झिजतो, कडेने सुटतो. चावण्याचा भार सोसण्यासाठी तो नाहीच. पण दुखणे थांबलेले, दाढ पांढरी दिसते, म्हणून त्याच्यावरच वर्ष काढणारे लोक कमी नाहीत. आमच्या मते रूट कॅनॉलच्या बदनामीचे निम्मे कारण इथे आहे. मसाला सुटला की लाळ आणि तिच्यातले जंतू झिरपत पुन्हा मुळाकडे जातात. १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनॉल झालेल्या हजाराच्या वर दातांचे एक्स-रे तपासले, तेव्हा मुळाशी पुन्हा रोग होण्या-न होण्यात वरच्या भरणाचा चांगलेपणा फार मोठा ठरलेला दिसला.

दुसरे, काचेच्या भुकटीचे सिमेंट, ज्याला डॉक्टर ग्लास आयोनोमर म्हणतात. हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी तयार केले. ते दाताला आपोआप चिकटते, थोडे फ्लोराइड सोडते, स्वस्त पडते, आणि वीज नसली तरी भरता येते. म्हणून शिबिरांत आणि शाळांच्या तपासणीत लहान किडीसाठी उत्तम. पण ते ठिसूळ आहे. मोठ्या पोखरलेल्या दाढेत एकट्याने ते टिकत नाही. तळाला ते आणि वर मजबूत थर, असे चालते.

तिसरी, आपले लोक जिला 'चांदी भरणे' म्हणतात ती. चांदी, कथील, तांबे आणि जवळजवळ निम्मा पारा. दाबाला ही सर्वांत दणकट. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे चार हजार किलोपर्यंत दाब ती सोसते, काँपोझिट साधारण अडीच ते साडेतीन हजार, ग्लास आयोनोमर दीड ते दोन हजार. मग चांदीच भरावी ना? इथेच गोम आहे. चांदी स्वतः फुटत नाही, पण ती दाताला चिकटतही नाही. खाचेत ती नुसती अडकलेली असते. जंगलात लाकूड फोडताना ओंडक्याच्या चिरेत पाचर ठोकतात, तशी ती चावण्याच्या प्रत्येक घावाला दोन्ही भिंती बाहेर ढकलू शकते. भरण शाबूत आणि दाढ दुभंगलेली, असा देखावा दंतवैद्यांना नवा नाही. शिवाय पाऱ्याने पाणी आणि माती दूषित होते. म्हणून २०१३ च्या मिनामाता करारात तिचा वापर कमी करण्याचे ठरले, भारत २०१८ मध्ये त्या करारात सामील झाला, आणि युरोपीय संघाने २०२५ पासून ती जवळजवळ बंदच केली.

चौथे, दाताच्या रंगाचे काँपोझिट, निळ्या दिव्याखाली कडक होणारे. याचे मूळ रसायन अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी १९६२ च्या सुमारास काढले. याचे बळ चिकटण्यात आहे. ते भिंतींना धरून ठेवते, दोन्ही बाजू एकमेकींना बांधते. पण नखरेही आहेत. कडक होताना ते दोन-तीन टक्के आकसते, म्हणून पातळ थरांनी भरावे लागते. लाळ लागली की चिकटत नाही. आधी लवंगेच्या तेलाचा मसाला भरलेला असेल आणि तो नीट खरडून काढला नाही, तर युजेनॉल त्याला घट्ट होऊ देत नाही. नळ्या धुण्याच्या क्लोरीनच्या औषधाचा अंश राहिला तरी पकड कमी होते. म्हणजे माल चांगला असून उपयोग नाही, हात आणि वेळ दोन्ही लागतात. दहा मिनिटांत भरलेले स्वस्त काँपोझिट आणि रबराचा पडदा लावून, कोरडे ठेवून, थराथराने भरलेले काँपोझिट, ही एकाच नावाची दोन वेगळी कामे आहेत.

या मालांची ताकद मोजतात कशी, तेही सांगण्यासारखे आहे. वेड्यावाकड्या दातांच्या उपचारासाठी काढलेल्या निरोगी उपदाढा दंत महाविद्यालयात जमा करतात. त्यांचे सारखेच रूट कॅनॉल करतात, सारखीच आरपार खाच कोरतात, मग एका गटात चांदी, दुसऱ्यात काँपोझिट, तिसऱ्यात धागे मिसळलेले काँपोझिट असे भरतात. एक गट न कोरलेला ठेवतात, एक कोरून रिकामा. प्रत्येक दात यंत्रात धरून वरून पोलादी गोळा हळूहळू, मिनिटाला एखादा मिलिमीटर या गतीने दाबतात आणि कडकन आवाज येईपर्यंत किती भार लागला ते टिपतात. आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी असे प्रयोग करत असतात. त्यांत साधारणपणे दिसते ते असे, की रिकामा कोरलेला दात सर्वांत कच्चा, नुसत्या चांदीने त्यात फारशी भर पडत नाही, चिकटणाऱ्या काँपोझिटने चांगली पडते, आणि काचेचे धागे असलेल्या काँपोझिटने पुष्कळदा आणखी. तरी मूळच्या अखंड दाताची बरोबरी सहसा होत नाही.

या प्रयोगांत भाराच्या आकड्याइतकीच दुसरी एक नोंद महत्त्वाची असते, दात कुठे फुटला? हिरडीच्या वर टवका उडाला तर पुन्हा भरता येते. चीर हिरडीखाली मुळात उतरली तर दाढ गेली. मुळात जाड धातूची खिळी बसवली की दाढ पक्की होते, असे पुष्कळांना वाटते. खिळी मुळाला बळ देत नाही. वर भरण धरून ठेवायला भिंतीच उरल्या नसतील, तरच तिचा उपयोग. धातूची ताठ खिळी मुळाला आतून चिरू शकते. काचेच्या धाग्यांची खिळी दाताच्या हाडासारखीच थोडी लवते, म्हणून ती सुटली किंवा मोडली तरी मूळ वाचण्याची शक्यता जास्त.

यंत्र दात एकदाच दाबते. माणूस तो रोज शेकडो वेळा दाबतो. दाढेवर जोर लावून चावले तर पन्नास-साठ किलोपर्यंत भार पडू शकतो. त्यातच रूट कॅनॉल झालेल्या दाताला दाबाची जाणीव थोडी कमी होते असे काही प्रयोगांतून दिसले आहे, म्हणजे आपण नकळत त्याच्यावर जास्त जोर टाकतो. म्हणून मागच्या दाढेवर कॅप. विळ्याच्या किंवा खुरप्याच्या लाकडी मुठीला तोंडाशी लोखंडी कडे बसवतात. कडे काढून टाकले तर मूठ चिरते. कॅप हे तेच कडे आहे. ती दाढेला चोहीकडून धरते, भिंती बाहेर झुकू देत नाही. मात्र कड्याला धरायला लाकूड हवे, तसे कॅपला धरायला हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दात सगळीकडून शिल्लक हवा. म्हणून उशीर नको.

कॅपशिवाय काय होते याचे आकडे आहेत. अमेरिकेतल्या आयोवा येथील ॲक्विलिनो आणि कॅपलन यांच्या २००२ च्या अभ्यासात कॅप नसलेले रूट कॅनॉलचे दात, कॅप असलेल्यांच्या सहापट वेगाने गमावले गेले. २००५ मध्ये थायलंडमधल्या दोन संशोधकांनी कॅप न बसवलेल्या दोनशेहून अधिक दाढा तपासल्या. पहिल्या वर्षी ९६ टक्के शाबूत, दुसऱ्या वर्षी ८८, आणि पाचव्या वर्षी फक्त ३६. पहिली दोन वर्षे फसवी आहेत, हे नीट लक्षात घ्या. "काही झालं नाही तर कॅप कायले पायजे?" असे जो म्हणतो तो बहुधा याच दोन वर्षांत असतो. पण त्याच अभ्यासात ज्या दाढांचा बहुतेक भाग शिल्लक होता, त्यातल्या ७८ टक्के पाच वर्षांनंतरही टिकल्या होत्या, आणि भरणांमध्ये काँपोझिटचा निकाल चांदीपेक्षा चांगला आला. तेव्हा प्रत्येक दाढेला कॅप हवीच, असेही नाही. पुढच्या दातांना, मागून छोटे भोक पाडले असेल तर, नुसते काँपोझिट पुरते. दोन्ही कडा शाबूत असलेल्या दाढेलाही कधी पुरते. कोणत्या दाढेला हवी ते विचारण्याचा हक्क आपला आहे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून नागपूर आणखी एकशे सत्तरच्या घरात. समजा, भामरागडकडचा एक शेतमजूर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन रूट कॅनॉल करून आला. पक्के भरण आणि कॅपसाठी त्याला पंधरा दिवसांनी बोलावले. तोवर मोहफुले वेचायचे दिवस आले, मग तेंदूपत्त्याचा हंगाम, मग रोवणी. दाढ दुखत नाही. तो जात नाही. अशा माणसाला 'निष्काळजी' म्हणणे सोपे आहे, पण एका फेरीत दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते, हा हिशेब कोण करणार? म्हणून उपचाराची तारीख घेतानाच हंगाम सांगावा. रूट कॅनॉल पूर्ण होईल त्याच दिवशी वरचे पक्के भरण करून मिळेल का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. पुष्कळदा ते शक्य असते. कॅपचे माप चार महिन्यांच्या आत तरी द्यावेच. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात चार महिन्यांनंतर कॅप बसवलेले दात उपटावे लागण्याचे प्रमाण, वेळेत बसवलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. तंबाखू आणि कर्करोग याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे, आणि गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान त्यासाठीच राबवले गेले. पण खर्ऱ्यातल्या सुपारीचे दाढेशी वेगळे वैर आहे. सुपारीचा कडक तुकडा नेमका दाढेच्या खाचेत येतो आणि सारा भार एका बिंदूवर पडतो. प्रयोगातला पोलादी गोळा आठवा. खर्रा खाणारा माणूस तो प्रयोग दिवसातून दहा वेळा स्वतःच्या तोंडात करतो. त्याहून वाईट म्हणजे सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. तोंडात दोन बोटे जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत डॉक्टरांचे हत्यार पोचणार कसे? मग रूट कॅनॉल, भरण, कॅप, सारेच प्रश्न संपतात. तरुण मुलांना हे मुद्दाम सांगा. कर्करोग त्यांना दूरचा वाटतो, तोंड न उघडणे पंचविशीतही होते.

वरोरा, राजुरा, कोरपना भागातल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या लोकांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात. अशा दातांवर काँपोझिट चिकटवण्यासाठी डॉक्टरांना पृष्ठभाग जास्त वेळ तयार करावा लागतो. त्यामुळे लहानपणापासून कोणत्या गावचे पाणी प्यालो, हे डॉक्टरांना सांगावे.

पैशाचा प्रश्न उरतोच. मागच्या दाढेसाठी सर्वांत स्वस्त असते ती साधी धातूची कॅप. दिसायला चकाकते म्हणून लोक नाक मुरडतात. पण तिच्यासाठी दाढ सर्वांत कमी घासावी लागते आणि ती स्वतः सहसा फुटत नाही. हसताना न दिसणाऱ्या दाढेवर पांढऱ्या कॅपसाठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेवढेही जमत नसेल तर डॉक्टरांना सांगावे, की दाढेचे कमकुवत उंचवटे थोडे कापून त्यांच्यावरूनच काँपोझिट चढवा, नुसते मधल्या खड्ड्यात भरू नका. ही कॅपची बरोबरी नाही, पण भिंती उघड्या ठेवण्यापेक्षा फार बरे. जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळच्या सावंगी येथील दंत महाविद्यालयात खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो. वेळ जास्त लागतो, कारण विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. आठवडी बाजारात चटई टाकून दात बसवणाऱ्याकडे मात्र रूट कॅनॉलची दाढ नेऊ नये. तिथे वापरतात तो लाल-पांढरा प्लास्टिकचा लगदा हिरडीत रुतून बसतो.

कॅप बसल्यावर पहिला दिवसभर त्या बाजूने चिकट-कडक खाऊ नये. कॅपच्या कडेला, हिरडीच्या रेषेवर, पुन्हा कीड लागू शकते, तेव्हा ब्रश तिथे तिरपा धरून फिरवावा. कधी कॅप निघाली तर फेकू नका आणि घरी फेव्हिक्विकने चिकटवूही नका. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावणे बंद करा आणि आठवडाभराच्या आत डबीसकट दवाखान्यात जा. खालची दाढ शाबूत असेल तर तीच कॅप पुन्हा बसवता येते.